खाल्लेलं शून्य

मंगळवार, ६ जानेवारी

आमच्या शाळेतल्या टॅबवालीचं नाव पुरस्काराच्या शेवटच्या पाचांत! गणिताच्या वर्गात तंत्रज्ञान रुजवणाऱ्या शिक्षकांचा सन्मान म्हणे. कारकुनाने कानात सांगितलं. मुख्याध्यापक फोनवर बोलताना त्याने ऐकलं होतं. "निकाल लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाहीये, सर. माझं नाव घेऊ नका."

चौतीस वर्षं मी खडू झिजवला. पुढच्या वर्षी निवृत्ती. आजवर कुणी हातात कागदाचा कपटासुद्धा ठेवला नाही. तिला इथे गणित शिकवायला लागून सहा वर्षं झाली. माझ्या पोटात दुखतंय, आणि त्याला औषध नाही.

बुधवार, ७ जानेवारी

हिला सांगितलं. ही कापड बेतत होती. मान वर न करता म्हणाली, "तरीच कालपासून घरात जळका वास येतोय. मी उगाच इस्त्री तपासत बसले."

चौतीस वर्षं बायकोशी बोलून शहाणपण आलं नाही, ते आता काय येणार.

शनिवार, १० जानेवारी

आज तिच्या वर्गावरून जाताना दारात थांबलो. पोरं टॅबवर गणितं सोडवत होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर कुणाचंही नाव न घेता चुका मोजून येत होत्या. कोणती चूक किती जणांची, एवढंच. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'खाल्लेलं शून्य : ११'.

ते नाव माझं!

पोरांच्या चुका मी नोकरीला लागल्यापासून एका वहीत उतरवतो. प्रत्येक चुकीला नाव देतो. 'विसरलेला हातचा'. 'उलटी वजाबाकी', म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातूनच दोन काढून मोकळं होणं. आणि 'खाल्लेलं शून्य', म्हणजे तीनशे चार लिही म्हटलं की चौतीस लिहिणं. ही नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. फक्त माझ्या वहीत आहेत. दोन वर्षांपूर्वी तिने ती वही मागून नेली होती. महिन्याभराने परत दिली, वर छान कव्हर घालून! मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

सोमवार, १२ जानेवारी

मधल्या सुट्टीत आली. "सर, दोन मिनिटं आहेत का? तुमच्या वहीबद्दल बोलायचं होतं." मी म्हटलं, "तपासायचं काम पडलंय." ती गेली. आता गोड बोलून सारवासारव करणार असेल. मला ऐकायचंच नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

पुरस्काराच्या समितीला पत्र लिहिलं. शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसलो, दोन बोटांनी टाईप केलं. नऊ ओळींना दीड तास. "या शाळेतील एका ज्येष्ठ गणित शिक्षकाच्या आयुष्यभराच्या मेहनतीची चोरी करून ही पद्धत उभी केली आहे. समितीने चौकशी करावी." खाली सही नाही. सही केली तर म्हणतील, म्हातारा मानासाठी भांडतोय. म्हणू देत म्हणावं, तर तेवढी छाती नाही.

स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज फळ्यावर बेरीज करताना हातचा मीच विसरलो. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

मंगळवार, २० जानेवारी

तिची पोरं चूक झाली की आता ओरडतात, "सर, मी शून्य खाल्लं!" कॉरिडॉरमध्ये मलाच अडवून सांगतात. माझ्या वर्गातली पोरं अजून वहीवर हात ठेवून चूक झाकतात. चौतीस वर्षं मी चुका गोळा केल्या, पण पोरांना कधी दाखवल्या नाहीत. तिने दाखवल्या. हे लिहिताना जिवावर येतंय.

तरी पत्राचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

हिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

समितीचं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव! "आपल्या शाळेने आपली व आपल्या सहकारी शिक्षिकेची संयुक्त शिफारस केली आहे. पद्धतीचे मूळ जनक म्हणून प्रथम नाव आपले आहे. सदर पद्धत चोरीची असल्याची निनावी तक्रार आली असून आपण सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा शिफारस रद्द समजली जाईल."

मुख्याध्यापकांनी पत्र माझ्या हातून घेऊन तिलाही दाखवलं. तिचे डोळे भरून आले. "सर, निकाल लागला की सांगून तुम्हाला चकित करू, असं ठरलं होतं आमचं. तरी मला राहवलं नव्हतं, तुम्हाला सांगायलाच आले होते त्या दिवशी. पण सर, तुमच्यासारख्या माणसावर चोरीचा आळ कुणी घेतला असेल हो?"

मी म्हटलं, "बघू."