नदीपुरतं मीठ

क्वेकर्स हिल,
रविवार, ८ जून

प्रिय भास्कर,

कसा आहेस हे विचारत नाही, तू खोटंच सांगशील. आम्ही ठीक. लुर्डसची गुडघेदुखी आणि माझी बडबड, दोन्ही वाढल्यात.

आज सकाळी इतकं धुकं होतं की समोरचं कुंपण दिसेना. थेट आपलं ब्लॅकटाउनचं गराज आठवलं. पिंगपाँगच्या टेबलावर जुन्या जपानी सरदारांची कावानाकाजिमाची लढाई. तू शिंगेन, मी केनशिन. आईने वसईहून पाठवलेलं जाडं मीठ ओतून नदी काढायची, उशीतला कापूस म्हणजे धुकं. शिंगेनने केनशिनची तलवार लोखंडी पंख्याने अडवली म्हणे, म्हणून तू झारा घेऊन बसायचास. माझा प्लास्टिकचा घोडेस्वार जवळ आला की खरंच फटका! बोटावर अजून खूण आहे.

ते दोघे सरदार पाच वेळा भिडले, निकाल लागलाच नाही. आपला तरी कुठे लागला? संध्याकाळी तेच मीठ गोळा करून वरणात घालायचो. एकदा तुझ्या ताटात घोडा निघाला होता. काय हसलो होतो रे!

मग ऑफिसातल्या एकाच जागेसाठी दोघांनी अर्ज केले, ती मला मिळाली आणि तू म्हणालास, "मागून वार केलास, मेट." मी केला नव्हता. आजही तेच सांगेन. तेव्हापासून तू तिकडे गिरावीनला आणि मी इकडे.

काल तुझी मीनाक्षी लुर्डसला दुकानात भेटली. गुरुवारी तुझी छाती उघडणार आहेत म्हणाली. मला कळू द्यायचं नाही अशी तू ताकीद दिली होतीस म्हणे. तिच्यावर चिडू नकोस. ती एवढंच म्हणाली, "तो झारा अजून ठेवलाय गं त्याने. कुणाला हात लावू देत नाही."

इतरांनी शिंगेनच्या मुलखाचं मीठ अडवलं, तेव्हा शत्रू असून केनशिनने पाठवलं म्हणतात. आमच्या पोराच्या, डीनच्या हाती या पत्रासोबत वसईचं मीठ देतोय. तुला मीठ बंद आहे, ठाऊक आहे. चाटू नकोस. नदीपुरतंच आहे.

शिंगेन गेल्याचं ऐकून केनशिनचा घास हातातच राहिला, रडला तो, हे तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी तुझी टिंगल केली होती. आता भीती वाटते रे.

बुधवारी सैन्य घेऊन येतो. दार उघड. डाव मांडू आणि अर्धाच ठेवू. मीनाक्षीला सांग, टेबलाला कुणी हात लावायचा नाही. उरलेला तू घरी आल्यावर.

तुझा हक्काचा शत्रू,
मार्टिन