मुखपृष्ठावरचा मेंढा

भाऊसोदादा,

मेंढरांच्या रोगांवर मी पुस्तक काढलं. मुखपृष्ठाला नेटवरचं फुकटचं मेंढरू लावलं. ते फुकट होतं घरच्या वापराला, विकायच्या पुस्तकाला न्हवं, हे खाली बारीक अक्षरात लिवलं होतं. चित्रकाराची नोटीस आली. वर जतच्या बाजारात लोक इचारत्यात, "हे कापसाचं बोचकं कुठल्या देशाचं रं?"

सांगलीचा छापखानेवाला म्हणाला, "आपल्या माणसानं काढलेलं चित्र आणा. पण त्याची बी लेखी परवानगी पायजे."

आपल्या माणसाचं चित्र एकच हाय. माझ्या लग्नात तू दाराशेजारी भिंतीवर काढलेला मेंढा. पाहुण्यांसमोर मी त्याला कुत्रं म्हणालो, तू न जेवता उठलास, त्याला सहा वर्सं झाली. चुना मारताना तेवढी भिंत मी सोडतो, दादा. नीट बघितलं, मेंढाच हाय. शेपटीचं मी काय बोलत न्हाई.

परवानगी मागितली तर तू न्हाईच म्हणशील. म्हणून हे पत्र आता ठेवून घेतो, चित्र छापतो आन् मग पुस्तकात घालूनच तुला पाठवतो. तू बी मला नोटीस पाठव. फकस्त वकिलाकडनं नको, तुझ्या हातानं लिव. सहा वर्सांत तुझा एक कागद तरी येईल.

तुझा चोरटा भाऊ,
मायाप्पा