गाडीची दृष्ट

४ ऑगस्ट, रविवार. अमावास्या.
आजपासून गाडीची वही. भिवा मेकॅनिक म्हणाला, काकी, जुनी गाडी म्हणजे म्हातारं माणूस, कधी काय पाजलं, कुठे काय दुखलं ते लिहून ठेवा. मला अक्षर येत नाही. मी सांगणार, नात कल्पिता लिहिणार. तिला बजावलं, मी बोलते तेवढंच लिही, तुझी अक्कल त्यात घालू नको. तिने तेही लिहून टाकलं.

गाडी पिकअप, चौऱ्याऐंशी सालची. आमच्या ह्यांची. ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरातून कल्याणच्या बाजारात मीठ आणायची. हे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून इथे मोहने गावात आमच्या ओटीसमोर उभी. दारावर ह्यांचं नाव आहे. मी नाव घेत नाही, बोट दाखवते, कल्पिता वाचते. म्हणते, आजी, ‘धाकू’मधला धा गंजाने खाल्ला, नुसता कू उरलाय. म्हटलं, राहू दे, हॉर्नसारखा वाटतो.

माझा मुलगा दिपेश म्हणतो, आय, दसऱ्यापर्यंत बघतो. गाडी आपल्या चाकांवर ठाण्याला जाऊन फिटनेस पास झाली तर राहील, नाहीतर भंगारात. त्याला तिथे स्वतःची गाडी लावायची आहे. मी म्हटलं, डन. दोन महिने पुष्कळ झाले. आणि ठाण्याला जाताना मी पुढे बसणार. लग्नापासून मागे गोणींवरच बसलेय. पुढे ड्रायव्हर म्हणजे हे, बाजूला शेठ नाहीतर हमाल. हे म्हणायचे, एकदा तुला पुढे बसवून ठाण्याला नेतो. एकदा कधी आलंच नाही.

भिवा आज कामाला लागणार होता. आज गटारी आहे ते त्याला बोलवताना माझ्या लक्षात नव्हतं. त्याच्या होतं.

दिवेलागणीला गाडीची दृष्ट काढली. मूठभर मीठ, मोहरी, दोन मिरच्या. माणसाची दृष्ट चुलीत टाकतात. गाडीची चूल तिच्या पोटात, म्हणून मी बॉनेटच्या फटीतून आत सोडते. गाडी आली तेव्हापासून एक अमावास्या चुकवली नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार.
भिवा आला. बॉनेट उघडायला अर्धा दिवस गेला. नट फिरेनात, पान्यात चुरा होऊन आले. भिवा म्हणाला, काकी, गाडी खाडीत बुडवलेली का? मी म्हटलं, भिवा, मिठाजवळ लोखंड टिकत नाही हे मला शिकवू नको. आमच्या मिठागरात फावडीसुद्धा लाकडाची असायची. ही गाडी इतकी वर्षं टिकली ती मी काळजी घेतली म्हणून.
तो मान खाली घालून पुढचा नट फिरवायला लागला. पटलं असणार.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा.
इंजिन खोकलं. एकदाच, पण खोकलं. मी नारळ फोडला.
तेवढ्यात शेजारची सुमती कुंपणावरून डोकावली. म्हणते, वहिनी, अजून आहे का ही? आणि गाडीखाली ते पांढरं काय सांडतंय? म्हटलं, रांगोळी आहे, तुला काय करायचंय. ती गेली आणि इंजिन पुन्हा खोकलंच नाही. हिचीच नजर. आता अमावास्येची वाट बघायची नाही. दर शनिवारी दृष्ट काढणार.
कल्पिता म्हणाली, मेकॅनिकच्या वहीत सुमतीकाकू कशाला? म्हटलं, आजाराचं कारण लिहायला नको?

२ सप्टेंबर, सोमवार. अमावास्या.
ब्रेकचा पाइप फुटला. मागची फळी हातात आली. दोन मुठी मीठ.
दिपेश म्हणाला, आय, हट्ट सोड, तुझाच पाय धड नाही. माझ्या पायात सळई आहे. मी म्हटलं, तोच तर पुरावा. आत एक लोखंड घातलं आणि मी पुन्हा चालायला लागले. गाडी तर सगळीच लोखंडाची.
तो चपला घालून बाहेर निघून गेला. वकील करायला हवी होती मला.

३ सप्टेंबर, मंगळवार.
भिवाचा सल्ला: गाडी एकदा खालून-वरून धुऊन घेऊ. मी नाही म्हटलं. तिच्यावर ह्यांच्या हाताची धूळ आहे. हे होते तेव्हा रोज धुवायचे ते वेगळं. खेप टाकून आले की जेवायच्या आधी गोड्या पाण्याच्या बादल्या. अमावास्येनंतर तर बॉनेट उघडून तासभर. मी ओरडायचे, भात थंड होतोय, सवत आणली आहे काय दारात? नुसते हसायचे. फार नखरेल माणूस.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.
गणपतीत पाच दिवस काम बंद. मग दोन दिवस भिवाची कंबर धरलेली. एकूण सात दिवस गेले, त्यात माझा दोष नाही.
संकल्प: सुमतीशी भांडायचं नाही. तिला गाडी दिसू नये म्हणून कुंपणावर जुनी लुगडी वाळत घातली. ती म्हणाली, वहिनी, ही तर वाळलेलीच आहेत. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार. सर्वपित्री.
ह्यांचं पान वाढलं. गाडीच्या टपावर ठेवलं, कावळा लगेच शिवला. म्हणजे गाडी पास होणार. दिपेश म्हणाला, कावळा वड्यासाठी आला. नास्तिक कुठला.
दृष्ट काढताना एक किलोची पिशवीच रिकामी केली. दहा दिवस राहिलेत, हात आखडून चालायचं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार.
इंजिन चालू. तीन वेळा चालू करून बंद केलं, तिन्ही वेळा चालू झालं. भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं म्हणतो. उद्या सकाळी ठाणे. भिवा चालवणार, मी पुढे, दिपेश आणि कल्पिता रिक्षाने मागून. नवं लुगडं काढून ठेवलं. सुमतीला सांगून आले, उद्या आठला ओटीवर उभी राहा.

१० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८.
निघतोय. पुढच्या सीटवरून रस्ता वेगळाच दिसतो. सगळं समोरून येतं. मागे बसलं की सगळं जाताना दिसायचं. कल्पिता, एवढं लिही आणि पळ, रिक्षा थांबली आहे.

१० ऑक्टोबर. दुपारी १.
घरी. आंबिवली स्टेशनच्या अलीकडे गतिरोधक आहे, तिथे माझ्या पायाखालचा पत्रा गेला. मी सीटवर, चपला रस्त्यावर. मग कडकन आवाज आला आणि गाडी मधोमध वाकली. कोणाला लागलं नाही.
माझं मत: गतिरोधक उंच होता.

१० ऑक्टोबर. संध्याकाळ.
दिपेशने गाडी ओढून ओटीसमोर आणली. भिवा खाली झोपला. चासीच्या पोकळ पट्टीत हात घातला आणि पांढरा दगड काढला. मग दुसरा. मग टोपलीभर. एक तुकडा जिभेला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, खारट आहे.
मी म्हटलं, खाडीची हवा. भिवा म्हणाला, काकी, खाडीच्या हवेत मोहऱ्या नसतात.
सुमती कुंपणावरून बघत होती. तिच्या तोंडून काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं.
कल्पिता, मोहऱ्यांचं लिहू नको.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
सकाळी गाडीला झेंडू बांधला. दुपारी भंगारवाला आला. दिपेश हळूच म्हणाला, आय, आजचा दिवस थांबवू का त्याला? म्हटलं, नको, बोललेय मी, डन.
भंगारवाल्याने विचारलं, आजी, काही ठेवायचंय? मी दाराकडे बोट दाखवलं. त्याने दार काढून दिलं. गाडी क्रेनला लटकून मोहन्याच्या रस्त्याने ठाण्याच्या दिशेला गेली. पुढच्या सीटवर झेंडू होता.
सुमतीने सोनं दिलं, म्हणजे आपट्याचं पान. पाया पडली. मी तिच्यावर इतके शनिवार मीठ खर्च केलं, तिला सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.
दार ओटीवर भिंतीला टेकून आहे. रोज गोड्या पाण्याने धुते. कू अजून आहे.
आज धुताना हिशेब लागला. अमावास्येनंतर बॉनेट उघडून तासभर. हे माझंच मीठ धुवायचे. एकोणतीस वर्षं. मी मूठ टाकायची, हे बादल्या ओतायचे, आणि वर माझ्याच शिव्या खायचे. कधी बोलले नाहीत, बाई हे करू नको. नुसते हसायचे. मी नखरेल म्हणायचे.

हे लिहिताना कल्पिता थांबली. आत गेली आणि मुठीत मीठ घेऊन आली. म्हणते, आजी, चार दिवस जेवत नाहीस, ये, तुझी दृष्ट काढते.
म्हटलं, नको बाई. पायात सळई आहे.