कोपरे कापलेली कार्डे

भवानी पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप महिपतीमामांच्या चरणी भाचा धोंडीराम याचा साष्टांग नमस्कार. पत्र वाचायला घेण्यापूर्वी कृपा करून त्याचे चारही कोपरे पाहून घ्यावेत. चारही जागच्या जागी आहेत. आपले भाचेजावई रावजीही जागच्या जागी आहेत. आत्ता मागच्या सोप्यात मागावर बसले आहेत आणि धोट्याचा खटखटाट मला इथपर्यंत ऐकू येतो आहे. तेव्हा आपण जे स्नान केले असेल ते या थंडीत बाधले नसावे, मामींचा दमा बरा असावा, आणि काल आलेल्या आपल्या कार्डाप्रमाणे दहाव्याला येण्यासाठी आपण जेऊरला गाडीत बसला नसाल, अशी आशा करतो.

झाले ते सविस्तर कळवतो. आमच्या सोजरचे यजमान लुगडी विणतात उत्तम, पण विकायची म्हटली की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी हा माणूस ओशाळतो. (मी भर उन्हात सभा खिळवून ठेवणारा माणूस, आणि मला मेव्हणा मिळावा तो असा.) यंदा गिरणीच्या स्वस्त कापडापुढे लुगड्यांची चवड कपाटात तशीच राहिली. दिवाळीनंतर एके दिवशी रावजी शांतपणे म्हणाले की संक्रांतीपर्यंत माल हलला नाही तर माग उतरवून ठेवतो आणि गिरणीत लागतो. सोजर उठून मागाच्या लाकडावरची धूळ पुसू लागली. धूळ नव्हतीच. ते पाहून मी तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली की हा माग मी बंद पडू देणार नाही. (प्रतिज्ञा उभ्याने केली. बसून केलेल्या प्रतिज्ञेवर माझा विश्वास नाही.)

वाचनालयात टपालाने माल खपवण्यावर एका अमेरिकन गृहस्थाचे पुस्तक आहे, ते मी वाचून काढले. त्याचे म्हणणे असे की गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर दुकानाने त्याच्या घरी जावे, ज्याला आपला माल ठाऊक आहे त्यालाच लिहावे, आणि पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याचे काळीज हलवावे. मला हे पटले, कारण व्याख्यानाचाही नियम हाच आहे. सोजरने आठवून आठवून जुन्या गिऱ्हाइकांची आणि नातलगांची नावे सांगितली आणि मी पोस्टकार्डांवर मजकूर लिहिला: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, भवानी पेठेतील रावजी यांचा माग, ज्याने आजवर आपल्या आयाबहिणींची अब्रू झाकली, तो आज शेवटच्या घटका मोजीत आहे." त्याखाली परदेशी कापडाचा समाचार, आणि अगदी तळाशी, जागा उरली तेवढ्यात, लुगड्यांचे रंग, भाव आणि व्ही. पी. ने घरपोच पाठवू, पैसे माल हाती आल्यावर पोस्टमनजवळ द्यावेत, एवढे. लिहिताना माझेच डोळे पाणावले.

कार्डे टाकायच्या दिवशी सकाळी पाहतो तो प्रत्येकाच्या कोपऱ्याला हळदकुंकू. धंद्याचे पहिले पत्र कोरे जाऊ नये म्हणून सोजरने लावले होते. मामा, ज्या भोळसटपणावर मी आजवर कोरडे ओढले तो माझ्याच हस्ताक्षराशेजारी ओला होऊन बसला होता. मी कात्री घेतली आणि एकूण एक कार्डाचा तो कोपरा कापून टाकला. सोजर दारातून म्हणाली, "दादा, कोपरं कापू नगंस रं. असलं कार्ड कुनी घरात घेत न्हाय." कोपरा गेलेले कार्ड मयताची बातमी आणते ही समजूत मला ठाऊक नव्हती असे नाही. (पण ते कोपरे फाडलेले असतात. मी कात्रीने, सरळ रेषेत कापले होते. विचारी माणसाला हा फरक कळायला हवा.) तिला मी विवेक या विषयावर पुष्कळ ऐकवले आणि कार्डे पेटीत टाकून आलो.

गावोगाव काय झाले ते आता मला तोंडपाठ आहे. पोस्टमनने कार्ड उंबऱ्याबाहेरूनच वाचायला घेतले, 'अत्यंत दुःख' ओलांडून तो 'रावजी' इथपर्यंत पोचला, आणि घरात रडारड सुरू झाली. पुढचे कोणी ऐकले नाही. रिवाजाप्रमाणे कार्ड फाडून टाकले, माणसांनी डोक्यावरून पाणी घेतले. भाव फाटून गेले, रंग फाटून गेले. काळीज मात्र पुस्तकातल्यापेक्षा जास्त हलले.

सर्वांत आधी अक्कलकोटकडून रावजींची आत्या बजाबाई आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिने गळा काढला होता. तिला डोळ्यांनी कमी दिसते. ओट्यावरच्या माणसाच्या गळ्यात पडून ती रावजीच्या नावाने रडू लागली, आणि तो माणूस रावजीच होता. त्यांनी तिला पोटभर रडू दिले (मध्येच बोलणे त्यांना जमत नाही) आणि मग म्हणाले, "आत्या, मी हितंच हाय. पाय धुऊन घ्या." म्हातारीने त्यांचे तोंड चाचपले, कान ओढून पाहिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "धोंडीराम, तू आपला बोलत जा बाबा. लिवत नगं जाऊ."

मागोमाग बाकीचे आले. प्रत्येकाच्या बोचक्यात सोजरसाठी दुखवट्याचे लुगडे. आणि मामा, इथे माझ्यासारख्याचीही जीभ अडखळते, ती लुगडी त्यांनी स्टेशनाजवळच्या दुसऱ्याच दुकानातून घेतली होती. रावजींचे दुकान बंद असणार हे कोणालाही कळण्यासारखे आहे. म्हणजे माझ्या कार्डांनी माल खपवला हे मान्य करावेच लागेल. फक्त आमचा नाही. सोजर त्या फिक्या लुगड्यांना हात लावीना, घरात ठेवीना. तिने सगळ्यांना कडक भाकरी आणि पिठले वाढले, मला वाढताना माझ्याकडे पाहिले नाही, आणि रावजी ज्याच्या त्याच्याशी, आपण जिवंत आहोत याबद्दल, ओशाळून बोलत राहिले.

जेवणे झाल्यावर बजाबाई भिंत धरत धरत मागापाशी गेली. दिसत नाही म्हणून तिने अर्धवट विणलेल्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला, मग स्वतः आणलेल्याचा, मग पुन्हा मागावरचा. बायका भोवती जमल्या. जाताना तिने आणि आणखी दोघीतिघींनी रावजींचे एकेक लुगडे नेले. मी तोंडातून अवाक्षर काढले नव्हते, ही गोष्ट त्या अमेरिकन गृहस्थाला कळवावी असे मनात येते. पण तेवढ्याने माग तरत नाही. रावजी परवा गिरणीतल्या मुकादमाला भेटून आले.

मामींना नमस्कार, आपल्या लेकीला, सोनाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो कोपऱ्यासकट असावा.

आपला भाचा,
धोंडीराम

ता. क. सोनाचे लग्न माघात धरल्याचे कळते. बस्ता अजून काढला नसल्यास तो रावजींकडूनच काढावा. खरे तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो, पण ही ओळ वर घालण्याचा धीर झाला नाही. रावजींना सांगितलेले नाही, ते ओशाळतील. दहाव्याला निघायचे आपण ठरवलेच असेल तर जरूर यावे, मामींना आणि सोनालाही आणावे. फक्त लुगडे आणू नये, न्यावे.

आणखी एक. कोपऱ्यावर लाल डाग दिसेल तो शाईचा नव्हे. मी पाकीट आणायला उठलो तेवढ्यात सोजरने कुंकू लावले. मी पाहिले. कात्री माझ्या हाताशीच होती, आणि अजून तिथेच आहे.