फिरतीवरचे मग

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातून. प्रत्यक्षात मी सातवीच्या बेचाळीस वह्यांच्या ढिगाऱ्यामागे बसले आहे आणि आडवं व्हायला जागा नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? दादाने टेबलाखालून मारलेली लाथ वहिनीसाठी होती, ती तुम्हाला बसली, म्हणून तो महिनाभर हळहळतो आहे. खोकला कमी झाला का? तुमच्या खोलीखालच्या सायकलवाल्याने सकाळी सहाला ठोकाठोक करायची सोडली की नाही? इकडे सगळे मजेत आहेत असं पत्रात लिहायचं असतं, पण ते खोटं होईल. इकडे कोणीही मजेत नाही. तुम्ही चार गुरुवार जेवायला आला नाहीत, फोन उचलत नाही, आणि आईने मला फर्मावलं की फोन उचलत नसेल तर पत्र टाक, पत्र दाराखालून आपोआप आत जातं, त्याला काही उचलावं लागत नाही. (लागतं. पण तिच्याशी सध्या वाद घालायची कोणाची टाप नाही. वाकताना जपून वाका.)

झालं काय ते तुम्हाला माहीतच आहे, तरी मी सुरुवातीपासून सांगणार. मास्तरीण आहे, उजळणीशिवाय पुढे सरकता येत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात. बाबांनी विचारलं, सध्या काम काय करता? तुम्ही म्हणालात, फिरतीचं. बाबा म्हणाले, वा वा, मग कुठे कुठे जाणं होतं? तेव्हा तुम्ही पिशवीतून एक मग काढून टेबलावर ठेवलात. त्यावर केबलकार होती आणि एका डोंगराचं नाव. झालं! त्या दिवसापासून वर्षातून एक-दोनदा तुमची फिरती आणि त्या त्या गावाचा मग. फळीवर मग इतके झाले की वाट्यांना जागा उरेना, तेव्हा आईने हुकूम काढला की या घरात यापुढे डाळ मगात मिळेल. बाबांना केबलकार, आईला धबधबा, दादाला प्राणिसंग्रहालयाचा हत्ती, मला दीपगृह. तुम्ही तेवढे म्हणालात, मला आपली वाटीच बरी, सवय आहे. आमच्या घरातली सगळी भांडणं, सगळे निकाल, दादाची नोकरी, बाबांचं निवृत्त होणं, सगळं डाळभात, कोबी आणि या मगांच्या साक्षीने झालं. दादा तिसरीत असताना परीक्षेत ‘मग’ या शब्दाची जात विचारली होती आणि त्याने ठणकावून ‘नाम’ लिहिलं होतं. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर लिहिलं, ‘मग मग फुटला.’ गुण देऊ की नको, अशा पेचात त्याच्या बाई आठवडाभर होत्या.

तर लग्नानंतर दादा आणि वहिनी कुठे तरी चार दिवस जाऊन येणार होते. वहिनी म्हणाली, मला आईंच्या मगावरचा धबधबा बघायचाय. दादाने समुद्र सुचवला, डोंगर सुचवला, घरीच बसू म्हणाला. वहिनी ऐकेना. (दादा असा का टाळत होता ते पुढे येईल.) सात तास बसमध्ये आदळत दोघं त्या गावात उतरले. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी काही गुन्हा केलेला नाही. गाव कसं? तर पोळपाटासारखं सपाट. टेकडी नाही, नदी नाही, पाणी पडायचं म्हटलं तर पडायला उंचीच नाही. वहिनीने तिकीट खिडकीवर विचारलं, पोस्टात विचारलं, एका पोलिसाला विचारलं. पोलिसाने उलट दादाचंच नाव-गाव लिहून घेतलं. शेवटी एका चहावाल्याला दया आली. बराच विचार करून तो म्हणाला, पाणी उंचावरून पडतंय असं एक ठिकाण आहे खरं, आणि त्याने दोघांना नगरपालिकेच्या मागे नेलं. तिथे फुटलेल्या पाइपातून कारंजं उडत होतं. वहिनीने तिथे उभं राहून फोटो काढला, नखशिखांत भिजून, हसऱ्या चेहऱ्याने. घरी आल्यावर बाबांनी फोटो हातात घेतला आणि सून कशी दिसतेय हे न बघताच म्हणाले, बारा इंची लाइन आहे, जोड निसटलाय. (तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?)

आणि मग तो गुरुवार. तुम्ही आलात, हात धुतलेत, कोबीकडे बघून नेहमीसारखं ‘अरे वा’ म्हणालात. वहिनी उत्साहात सांगायला लागली, मामा, आम्ही तुमच्या धबधब्याला गेलो होतो! बाबांना एकदम खोकला आला. मी भाताचं पातेलं घेऊन मध्ये घुसले. दादाने लाथ मारली, ती कुठे लागली ते वर आलंच आहे. आईने, जी कधीही कोणाला मध्येच तोडत नाही, तिने चक्क गॅस संपल्याची बातमी दिली, आणि गॅस तर डोळ्यांदेखत ढणढण पेटलेला. पण वहिनी नवीन, तिला आमच्या खाणाखुणा कुठून कळणार? तिने निरागसपणे विचारलं, मामा, तुम्ही नक्की त्याच गावाला गेला होतात ना? तुम्ही म्हणालात, पाणी आटलं असेल. मग म्हणालात, मला जरा काम आठवलं. आणि ताट तसंच ठेवून गेलात. जाताना तुम्ही आईकडे बघितलंही नाहीत. ते आईला फार लागलं, मामा. लागलं म्हणजे काय, ती त्यानंतर शिवणयंत्राला बसलीच नाही. एका बाईंचा पडदा अजून अर्धाच शिवून पडला आहे.

तुम्ही जिना उतरून गेल्यावर आमच्या टेबलावर जे घडलं, ते तुम्हाला कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. बाबा हळूच म्हणाले, त्याला कळलं की आपल्याला कळलंय. आई म्हणाली, ‘आपल्याला’ म्हणजे? तुम्हाला कधी कळलं? बाबांनी मान खाली घालून कबुली दिली. एकवीस वर्षांपूर्वी मीटर वाचायला ते चिनीमातीच्या कारखान्यात गेले होते. आत एक लांबलचक पट्टा फिरत होता, त्यावरून मग चालले होते, आणि तुम्ही स्टुलावर बसून एकेक मग उचलत, चष्म्याजवळ धरून निरखत होतात आणि छापण्यात चुकलेल्या मगांना लाल टिकली लावून बाजूला ठेवत होतात. बाबा मीटरच्या खोलीत लपून बसले, तुमची जेवणाची सुट्टी होईपर्यंत. (त्या महिन्याचं कारखान्याचं रीडिंग चुकलं, ही त्यांच्या नोकरीतली एकमेव चूक.) आई म्हणाली, एवढंच ना? मला त्याच्याही आधी कळलंय. मामा, तुमच्या शर्टाला बटण लावताना तिला खिशात कारखान्याचं हजेरीकार्ड सापडलं होतं. तिने ते परत खिशात ठेवलं आणि बटण जरा जास्तच घट्ट लावलं. मग दादा म्हणाला, अरेच्चा, म्हणजे तुम्हाला दोघांनाही माहीत होतं? तो लहानपणापासून मगांच्या बुडावरच्या लाल टिकल्या नखाने काढून वहीत चिकटवत होता. त्याच्या हत्तीला दोन सोंडा आहेत, हे आईबाबांच्या लक्षात येऊ नये म्हणून तो जन्मभर मग एका विशिष्ट बाजूने धरून डाळ प्यायला. म्हणजे इतकी वर्षं आम्ही चौघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो! वहिनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिला वाटलं असणार, आपण वेड्यांच्या घरात पडलो.

आता माझी कबुली. मला सहावीत कळलं. भूगोलाच्या पेपरात मी माझ्या मगावरच्या गावाला बंदर म्हणून टाकलं, बाईंनी शून्य दिलं, आणि मी पुरावा म्हणून दुसऱ्या दिवशी मग घेऊन शाळेत गेले. सगळा वर्ग खो खो हसला. घरी येऊन नकाशा उघडला. समुद्र त्या गावापासून चारशे किलोमीटर! मी तुमच्यावर भयंकर चिडले होते, गुरुवारी तुम्हाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं ठरवलं होतं. तुम्ही आलात, मी विचारलं, मामा, दीपगृह कसं होतं हो? तुम्ही चमचा ठेवलात आणि सांगायला लागलात. एकशे बारा पायऱ्या, प्रत्येक विसाव्या पायरीवर एक खिडकी, वर एक म्हातारा रखवालदार आणि त्याची एका कानाची मांजर, आणि काच पुसायला लागणारं पिवळं फडकं. मी भांडायचं विसरले. असं दीपगृह कुठे असू शकेल म्हणून मी पुढचे सहा महिने नकाशाची पानं उलटत होते. ती पानं माझ्या हातून अजून सुटलेली नाहीत. आज मी पोरांना भूगोल शिकवते आणि माझ्या तासाला पोरं झोपत नाहीत, हे कोणाचं देणं आहे ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगते. तुमचं आहे. फार फार उपकार आहेत, मामा.

आणि तुम्ही खोटं बोललात असं मनात आणूच नका. फिरतीचं काम म्हणालात, ते शंभर टक्के खरं होतं. पट्टा फिरत होता, तुम्ही बसला होतात. चूक झाली ती ऐकणाऱ्यांची. बहिणीकडे दर आठवड्याला जेवायला जायला काही तरी निमित्त हवं, रिकाम्या हाताने कसं जायचं, हा तुमचा संकोच आईला पहिल्या दिवसापासून कळत होता. ती म्हणते, त्याला सांग, मला मगांसाठी भाऊ नको होता, पण मग आले ते बरं झालं, वाट्या विसळायला फार कंटाळवाण्या असतात. कोबीबद्दलही तिचा निरोप आहे. तुम्हाला कोबी आवडत नाही आणि तुम्ही तो भाताखाली लपवता, हे तिला माहीत आहे. पण पहिल्या गुरुवारी तोंड भरून कौतुक केलंत ना, मग भोगा. तुम्ही येत नसताना तिने चारही गुरुवार कोबीच केला. तो शुक्रवारी पावात घालून आणि शनिवारी सूप म्हणून आम्ही संपवतो. बाबांनी काल पहिल्यांदाच जेवणाला नावं ठेवली आणि लगेच माफी मागितली. आमच्यावर दया करा. या गुरुवारी या.

तुमची भाची
(चारशे किलोमीटर आतल्या बंदरावरून)

ता. क. वर लिहिलंय की हे पत्र आईने लिहायला लावलं. ते अर्धंच खरं आहे. आईच्या आधी माझ्या मागे लागली ती वहिनी, आणि आपलं नाव येऊ देऊ नका म्हणून तिने मला बजावलं होतं. (माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला अजून कळायचंय.) तिला वाटतं, आपण या घरात पाऊल टाकलं आणि तीन महिन्यांत मामांना घराबाहेर घालवलं. काल ती भाजी चिरता चिरता रडली, आणि कांदा त्यात नव्हता. तुम्ही तिच्यावर रागावला नाहीत, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. आमच्या कोणाच्याही सांगण्याने ते होत नाही.

ता. क. २. आणि ती त्या धबधब्याला का गेली, ते मला कालच कळलं. आमच्या टेबलावर डाळ वाटीत घेणारी दोनच माणसं आहेत, तुम्ही आणि ती. ती आली तेव्हा तुम्ही निवृत्त झालेले, मगांचं येणं बंद, म्हणून तिला मिळालाच नाही. पण तुम्हाला? सदतीस मग तुम्ही या घरात आणलेत, आणि तुमचा असा एकही नाही, हे सव्वीस वर्षांत आम्हा चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, मामा. तिच्या पहिल्याच गुरुवारी आलं. ती तिथे तुमच्यासाठी मग आणायला गेली होती.

ता. क. ३. तिथे तो मिळाला नाही, म्हणून गेल्या आठवड्यात तिने तुमच्याच कारखान्यात एक छापून घेतला. वर एक दीपगृह, खाली ठळक अक्षरांत ‘मामा’, असं सांगितलं होतं. आज खोकं आलं. दीपगृह सुंदर आहे. खाली ‘मामी’ लिहिलंय. वहिनी पुन्हा रडायला लागली, आई हसायला लागली (चार आठवड्यांनंतर), आणि कारखानावाले म्हणतात, चुकला असेल तर परत पाठवा, बदलून देऊ. घरात कोणाचंच एकमत होत नाही. तेव्हा गुरुवारी येऊन तुम्हीच तपासा आणि काय ते ठरवा. चष्मा घेऊन या.