डुकरांनी खाल्लेल्या सऱ्या

निपाणी, रविवार संध्याकाळ

काल इथं लिहिलं की फुकटच्या सॉफ्टवेअरनं माझी सोयाबीनची सरासरी चुकवली. ते खरं नाही. बोरगावच्या शेतात डुकरांनी खाल्लेल्या सऱ्या मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य भरल्या आणि फुकटच्यात रिकाम्या सोडल्या. इंटरनेटवर मदत मागितली, तेव्हा एका अनोळखी माणसानं नेमकं तेच विचारलं: दोन्हीकडं आकडे सारखेच भरलेत का?

सर म्हणाले, "फुकट सांगणाऱ्याचं काय खरं?"

शाळेत जायच्या आधीच मला घरी गणित शिकवणारे आप्पा म्हणाले, "कुणाचंच खरं धरू नगंस. हातानं करून बघ की गं."

केलं. फुकटचंच बरोबर निघालं. त्या सऱ्या सगळ्या जुन्या वाणाच्या; शून्यांनी त्याची सरासरी पाडली, म्हणून नवं वाण सरस दिसत होतं. ते सरस नाहीच. मग माझ्या प्रबंधात उरलं काय? फार थकलेय.

सर बुधवारी माझे हे निकाल पुढं पाठवणार आहेत. मंगळवारी सकाळी त्यांना सांगायचं.