जानीबाईच्या नातवाचं रक्त

रविवार, १२ नोव्हेंबर १९६१, संध्याकाळचे सात, तलासरी. कंदिलाची काच पुसून लिहायला बसलो.

आज डहाणू स्टेशनवर डॉक्टरसाहेब भेटले. गेल्या वर्षी त्यांना पाड्यापाड्यांतून फिरवून, लोकांना समजावून तपासणीसाठी रक्त मिळवून दिलं ते मीच. त्यावरचा त्यांचा निबंध छापून आला. साहेब खुशीत होते. "परदेशातल्या निबंधांतून माझा हवाला देताहेत," म्हणाले. त्यांनी निबंध दाखवला; तलासरीचं नाव शुद्ध छापलंय ना, तेवढं मी तपासलं.

"जानीबाईच्या नातवाचं काय निघालं?" मी विचारलं.

"अरे, आपण बाटल्यांवर नुसते आकडे घातले. कोणाचं कोणतं, आता कसं कळणार?"

आकडे मीच चिकटवले होते. पोराचे हात सुजतात, म्हणून तर जानीबाई त्याचं रक्त द्यायला तयार झाली. सुईआधी तिने ताडीचे थेंब जमिनीवर सांडले, देवाला साक्षी ठेवलं आणि मला विचारलं, "तू येऊन सांगशील ना?" मी हो म्हणालो.

परतताना ती मोळी घेऊन बसथांब्यावरच. "काय रं, साहेब काय बोलला?"

"छापून आलं."

"मग माझ्या पोराचं काय लिवलंय?"

घाई आहे म्हणून निघालो. कसली घाई? ते ताडीचे थेंब डोळ्यांसमोरून जात नाहीत.

उद्या पोराला डहाणूच्या दवाखान्यात नेतो. बाटलीवर या वेळी नाव घालायला लावीन.